एका कुणब्याचा कुलवृत्तांत

ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेल्या मनुष्यास आपल्या पूर्वजांचीं नांवें पाठ असण्यांत कांहीं विशेष पुरुषार्थ नाहीं. श्राद्धपक्षाच्या निमित्तानें पिता, पितामह, प्रपितामह अशीं तीन नांवें गोत्रासह उच्चारावींच लागतात, आणि त्यांच्यामागून माता, पितामही, प्रपितामही यांचींहि. तेवढ्यानें तीन पिढ्या घरच्या घरीं जिवंत राहतात. त्यापलीकडचें काम छापील कुलवृत्तांतांनीं केलें आहे. आमच्याहि कपाटांत असा एक जाडजूड ग्रंथ आहे. त्यांत आमचें नांव, जन्मसाल आणि ‘शिक्षक’ हा एक शब्द, अशी दीड ओळ छापली आहे. व ती आम्हीं पुष्कळदां उघडून पाहिली आहे, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

परंतु ज्या भूमीवर या सर्व कुलांचें अन्न पिकलें, ती कसणाराचा कुलवृत्तांत कोणीं लिहावा, असा प्रश्न साठी उलटेपर्यंत आमच्या मनांत कधीं आला नव्हता. तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आणून आमच्या ओटीवर ठेवला.

सन २०२३ च्या उत्तरार्धांत जुन्या नोंदी शोधण्याची मोठी धामधूम महाराष्ट्रांत उडाली होती, ती वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्या वर्षीं सप्टेंबरांत सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. आणि मराठा म्हणविणाऱ्या घराण्यांतील पूर्वजाच्या नांवापुढें ‘कुणबी’ हा शब्द कोठें आढळतो काय, हें पाहण्यासाठीं तहसील कचेऱ्यांतील जन्ममृत्यूचीं पुस्तकें व शाळांचीं रजिस्टरें धुळींतून बाहेर आलीं. त्या वादांत शिरण्याचा आमचा अधिकार नाहीं व इच्छाहि नाहीं. प्रस्तुत एवढेंच सांगावयाचें कीं, यांतील जुनीं पुस्तकें बहुतेक मोडींत असल्यामुळें मोडी वाचतां येणाऱ्या म्हाताऱ्यांस एकाएकीं भाव आला. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; पुढें संस्कृताच्या परीक्षा दिल्या व शाळेंत तोच विषय शिकवून निवृत्त झालों. परंतु आमच्या दौंडच्या घरासमोर मोटारसायकली उभ्या राहूं लागल्या त्या कालिदासासाठीं नव्हे, तर आजोबांनीं लहानपणीं मारून-मुटकून शिकविलेल्या मोडीसाठीं!

हा विद्यार्थी त्यांपैकींच एक. आठवीच्या वर्गांत ‘रामः रामौ रामाः’ पर्यंत तो आमच्याबरोबर आला आणि पुढच्याच वर्षीं त्यानें त्या भाषेस रामराम ठोकला. आतां त्याचीहि पन्नाशी जवळ आली आहे. त्याचें गांव भीमेच्या उत्तर तीरावर, शिरूर तालुक्यांत. पलीकडच्या तीरावर दौंड तालुका. तेंच आमचेंहि मूळ गांव; तेथलें कुलकर्णीपण आमच्या घराण्याकडे होतें. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें गेलीं, सरकारी दप्तर तलाठ्याकडे गेलें, आणि खाजगी कागदांची एक शिसवी पेटी घेऊन आमचे आजोबा दौंडास येऊन राहिले.

“गुरुजी,” तो ओटीवर बसतां बसतां म्हणाला, “आबांनीं सांगितलंय, तुमच्या पेटींत आमच्या गांवचं जुनं कागुद असत्याल. आमची नोंद कुठं घावती का बघा. आन् हे कोतवालबुकाचं फोटू आणल्यात, तेबी बघा.”

आबा म्हणजे त्याचे वडील. वय नव्वदीच्या घरांत, कानांनीं थोडे अधू, पण बाकी खणखणीत.

नोंद सांपडावयास अर्धा तासहि लागला नाहीं. मोडी लिहिणारा ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करीत नाहीं आणि हात न उचलतां ओळ ओढीत जातो, त्यामुळें नवशिक्यास ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते; पण डोळा एकदां बसला म्हणजे कोतवालाचें पुस्तक वाचणें पंचांग वाचण्याइतकें सोपें आहे. एका मुलाच्या जन्माच्या नोंदींत बापाच्या नांवापुढें ‘कु’ आणि त्यापुढें एक टिंब. दुसऱ्या ठिकाणीं ‘कुणबी’ हा पुरा शब्द. त्या एका टिंबासाठीं मुलानें आमचे पाय धरले! त्याच्या घरांत नातवंडांच्या प्रवेशाचा प्रश्न होता. आम्हांस त्याच्या आनंदानें आनंद झाला. मग तो सहज बोलून गेला, “गुरुजी, तुमच्या लोकांची असत्यात तशी आमचीबी एक वंशावळ लिवून द्या कीं. आबा हायेत तवर.”

आम्हीं हो म्हटलें. निवृत्त मास्तराला दुसरें काम तें काय असतें?

प्रथम वाटलें होतें कीं, हें काम आठ दिवसांचें. त्याचे एक चुलते पूर्वीं त्र्यंबकेश्वरीं गेले असतां तीर्थोपाध्यायाच्या नामावळींतून चार पिढ्यांचीं नांवें उतरवून घेऊन आले होते, तो कागद तयारच होता. आबांना सहा पिढ्या तोंडपाठ. परंतु त्या त्यांना नांवांनीं आठवत नाहींत, शेतांनीं आठवतात. ‘बाभळीचा तुकडा’ कोणीं तोडला, ‘थडीची पट्टी’ कोणाच्या वांट्यास गेली, खळें कोठून कोठें हललें, या वाटेनें ते माणसांपर्यंत पोंचतात. आपण गोत्र सांगून मागें जातों, ते बांध सांगून मागें जातात. (त्या भागाचें जुनें नांवच भीमथडी, म्हणजे भीमेचा कांठ, एके काळीं तेथलीं तट्टें साऱ्या मराठी दौलतींत नांवाजलेलीं होतीं.)

या बांधांना आंकडे लागले ते इंग्रजी अमदानींत. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापुराकडून आरंभ करून शेतन्‌शेत मोजलें, कोपऱ्यांत दगड पुरले, प्रत्येक तुकड्यास सर्व्हे नंबर दिला आणि तीस वर्षांकरितां आकार ठरवून टाकला. आम्हां कागद वाचणारांना या सर्व्हे नंबरासारखा उपकारक दुसरा कोणी नाहीं. मनुष्याचें नांव बदलतें, आडनांव बदलतें, एका घराण्यांत दर तिसऱ्या पिढीस आजोबांचेंच नांव नातवास ठेवल्यामुळें सगळा घोंटाळा होतो. पण नंबर बदलत नाहीं.

स्त्रियांची मात्र फार दैना आहे. कोतवालाच्या पुस्तकांत मूल जन्मलें तर बापाचें नांव आणि ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’. स्त्री मेली तर ‘अमुक याची बायको’, मग ‘पटकी’ किंवा ‘ताप’, आणि वय अंदाजानें. पन्नास वर्षें जिनें त्या घराचें जोंधळ्याचें पीठ दळलें, तिचें नांव शोधूं म्हटलें तर कोठें मिळत नाहीं. आमच्या श्राद्धांत पितामही येते तरी!

असो. कोतवालबुक संपल्यावर आम्हीं पेटी उघडली. मोडी कागद आमच्याकडे रुमालांत बांधलेले असतात. पेटींत असे अकरा रुमाल आहेत. त्यांपैकीं दहा आम्हीं लहानपणापासून हाताळलेले. आजोबांनीं आम्हांस अक्षरें गिरविण्यास लावलीं तीं त्याच कागदांवरून. अकरावा तळाशीं होता व त्याची गांठ इतकी जुनी होती कीं, ती सोडतांना फडकें फाटलें. आजोबांनीं तो रुमाल आमच्यासमोर कधीं सोडला नव्हता, एवढें आम्हांस निश्चित आठवतें.

त्यांत आमच्या खापरपणजोबांनीं लिहिलेल्या कर्जरोख्यांच्या नकला होत्या. कुलकर्णी हा गांवचा लेखनिक. सावकारानें पैसे द्यावे, कुणब्यानें घ्यावे, आणि रोखा कुलकर्ण्यानें लिहावा, ही तेव्हांची सर्वत्र चाल. मूळ रोखा सावकाराच्या तिजोरींत जाई. सावध लेखनिक नक्कल आपल्यापाशीं ठेवी. आमचे खापरपणजोबा सावध होते.

आबांच्या पणजोबांच्या नांवचे चार कागद निघाले. पहिला १८६६ चा. त्याच्या आदल्या पांच वर्षांत काय झालें होतें, तें सांगितल्याशिवाय हा कागद समजणार नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेथला कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या गरीब पठारावरहि पैसा खेळूं लागला. सावकार घरीं येऊन कर्ज देऊं लागले. १८६५ सालीं तें युद्ध संपलें आणि भाव कोसळले. घेतलेलें देणें मात्र राहिलें, आणि थोड्याच दिवसांत, १८६७ पासून, तीस वर्षांची मुदत संपल्यामुळें इंदापुराकडून फेरआकारणीला आरंभ होऊन सारा वाढूं लागला. ज्या अमेरिकेच्या युद्धानें आमच्या कुणब्यास हा चढउतार दाखविला, त्याच अमेरिकेनें १८६२ सालीं होमस्टेड कायदा करून मिनेसोटा, नेब्रास्का अशा प्रांतांत पांच वर्षें राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर जवळजवळ फुकट दिली. ती भूमि मूळच्या रहिवाशांकडून हिसकावलेली होती हें खरें. तथापि तेथील शेतकऱ्याच्या घराण्याचा पहिला कागद हा जमीन मिळाल्याचा असतो, आणि आमच्या भीमेकांठच्या शेतकऱ्याचा पहिला कागद कर्जाचा, हा योग आमच्या मनांत घर करून राहिला.

१८६६ चें मुद्दल ४० रुपये. व्याज दरमहा शेंकडा दोन. दुसरा कागद १८६९ चा, तिसरा १८७२ चा, चौथा १८७५ चा. दर तीन वर्षांनीं नवा रोखा कां, तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्यास तीनच वर्षांचें आयुष्य ठरविलें होतें. कायदा करणारांचा हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. पण सावकारानें त्यावर सोपा उपाय काढला: तीन वर्षें भरण्यापूर्वीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घ्यावयाचा. आम्ही पिंडानें मास्तर. कागद बाजूस सारून पाटीवर हिशेब केला. ४० चे तीन वर्षांनीं ६८ रुपये १३ आणे. सहा वर्षांनीं ११८. नऊ वर्षांनीं २०३. मधल्या काळांत कुणब्यानें खळ्यावरून जें धान्य सावकाराच्या घरीं पोंचविलें असेल, त्याचा उल्लेख चारांपैकीं एकाहि कागदांत नाहीं. चौथ्या रोख्यांत रक्कम २०० मांडली आहे. वरचे तीन रुपये सावकारानें सूट दिले, असें आमच्या खापरपणजोबांनीं आवर्जून लिहिलें आहे.

या चौथ्या कागदानेंच आमची झोंप उडविली.

त्याची मिति शके १७९७, ज्येष्ठ मास. म्हणजे १८७५ चा जून. ज्यांस दक्षिणेंतील दंगे ठाऊक आहेत, त्यांच्या हें लगेच ध्यानांत येईल. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें येथें एका सावकारानें दीडशें रुपयांच्या हुकूमनाम्यापायीं बाबासाहेब देशमुख या घरंदाज मनुष्याचें राहतें घर पाडून त्याचें सामान उचलून नेलें. गांवानें त्या सावकारावर बहिष्कार घातला: न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना, शेत कोणी करीना, शेवटीं त्यास पोलिसांच्या बंदोबस्तांत शिरुरास जावें लागलें. हें लोण आसपास पसरलें आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें आठवड्याच्या बाजारीं त्याचा भडका उडाला. शिरूर, भीमथडी, इंदापूर आणि नगर जिल्ह्यांतील लगतचे तालुके मिळून तीसांवर गांवांत सावकारांच्या वाड्यांतून कागद बाहेर काढून जाळले गेले. विशेष हें कीं, कागद मुकाट्यानें दिले तर बहुधा सावकाराच्या अंगास कोणी बोट लावीत नसे. लोकांस रोखे हवे होते, रक्त नव्हे. पुढें ९५१ माणसें पकडण्यांत आलीं, चौकशीसाठीं कमिशन बसलें, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा तो प्रसिद्ध कायदा झाला, ज्यानें न्यायाधिशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ देणें किती हें पाहण्याचा अधिकार मिळाला.

कमिशनच्या अहवालांत आणखी एक गोष्ट आहे. जेथें मारवाडी सावकारांबरोबर ब्राह्मणहि सावकारी करीत, तेथें दंगेखोरांनीं बहुधा ब्राह्मणांस वगळलें. पूर्वीं ही गोष्ट वाचली तेव्हां आम्हांस, खरें सांगावयाचें तर, बरें वाटलें होतें.

आबांच्या घरीं या दंग्याची एक कथा आहे. गांवांत सर्वांस ती ठाऊक. दरवर्षीं होळीच्या रात्रीं, पोळी अग्नींत पडल्यावर, आबा ती सांगतात आणि पोरें ऐकतात. त्यांच्या पणजोबांनीं सावकाराच्या माडीवर चढून आपला रोखा स्वतःच्या हातानें काढला आणि चौकांत जाळला. आम्हींहि ती लहानपणीं सुटींत गांवीं गेलों असतां ऐकली होती. आणि आतां हातांत ज्येष्ठांतला कागद! दंगा वैशाखांत. म्हणजे रोखा जळाला असो वा नसो, महिन्याभराच्या आंत तोच कुणबी पुन्हां सावकारासमोर बसला आणि जुन्या देण्याचा पुरा रोखा लिहून देता झाला. सावकारास जुनी रक्कम पै-आण्यासह कशी स्मरली? कागदाच्या समासांत उत्तर आहे: ‘पूर्वील नकलेवरून ताळा घेतला.’ ती नक्कल आमच्या पेटींतली. शेवटीं नांगराचें चित्र, ‘ही निशाणी नांगर’, कारण कुणब्याची सही ती. त्याखालीं ‘बिकलम’ आणि आमच्या खापरपणजोबांचें नांव. लिहिणावळ आठ आणे.

गहाण काय, तर चांदीची एक सरी, हातांतले गोठ, आणि एक सर्व्हे नंबर.

तो नंबर आम्हांस तोंडपाठ आहे. आमच्या घरांत तो चार पिढ्या उच्चारला गेला आहे. आमच्या वडिलांना भरलेल्या पानावर बसून जर एखादी गोष्ट आठवत असेल तर ती ही, कीं त्या नंबरांतील आमची सोळा एकर जमीन कूळकायद्यानें गेली. १९४८ च्या कायद्यांतील पुढच्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारीं कुळें मालक मानलीं गेलीं. आकाराच्या वीस ते दोनशें पट यांच्यामधें ठरेल ती किंमत हप्त्यांनीं द्यावयाची. आमच्या आजोबांस ते हप्ते पोंचले. त्यांत आमच्या आत्यांचें एक लग्नहि पुरें झालें नाहीं, असें आजी सांगे. आमचा जन्म त्यानंतरचा, तरीहि ‘कुळांनीं गिळलेली जमीन’ हे शब्द आम्ही अंगाईबरोबर ऐकले. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हीच अंगाई म्हटली गेली असेल.

रुमालांत पांचवाहि एक कागद होता, तो खरेदीखताचा. १८७६ चा पाऊस बुडाला, मोठा दुष्काळ पडला, व त्या दुष्काळांत रोख्यावर हुकूमनामा होऊन जमीन सावकाराकडे गेली. संरक्षणाचा कायदा येण्याला अजून अवकाश होता. कांहीं वर्षांनीं सावकारानें गांवांतील देणेंघेणें आटोपतें घेतलें, तेव्हां तो नंबर त्याच्याकडून आमच्या खापरपणजोबांनीं विकत घेतला. कसणारा तोच राहिला. फक्त आतां तो आमचें कूळ झाला.

यांत बेकायदा कांहीं नाहीं. प्रत्येक कागद सरळ आहे, अक्षर सुंदर आहे, किंमत रोख दिलेली आहे. आम्हीं हें स्वतःस दोन-तीन रात्री समजावून सांगितलें. मग आमच्या घरच्या मंडळींस सांगितलें. त्या भाजी निवडीत होत्या. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें आणि म्हटलें, “मामंजी मरेपर्यंत त्या सोळा एकरांसाठीं हळहळले. त्यांना हें ठाऊक नव्हतें, तें एक बरें झालें. पण तुम्हांला आतां ठाऊक झालें आहे.”

एवढें बोलून त्या आंत गेल्या. मग आम्हांपुढें प्रश्न दोन होते. एक आमच्या घरापुरता: जी हळहळ आम्ही वारशानें मुलांस दिली, ती परत घेणें. त्यास मुलांना पत्र लिहिणें पुरे होतें, व तें आम्हीं लिहिलें. दुसरा अधिक अवघड. वंशावळींत हा चौथा कागद घालावा कीं न घालावा? घातला तर आबांची होळीची कथा खोटी पडते. नव्वदीच्या मनुष्याच्या पणजोबांचें शौर्य एका आठ आण्यांच्या कागदानें हिरावून घेणें, हा कोणता धर्म? न घातला तर आम्हीं आणखी एकदां त्या घराण्याचा कागद आपल्या पेटींत दाबून ठेविल्यासारखें होतें. ‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्’ हें वचन आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें. त्याचा उपयोग करण्याची वेळ आली तेव्हां लक्षांत आलें कीं, तें वचन उत्तर देत नाहीं, प्रश्नच पुन्हां विचारतें.

पौषांत एके दिवशीं आम्ही गांवीं गेलों. आतां दौंडाहून तिकडे जाण्यास पूल आहे, रस्ता आहे; दोन्हीं बाजूंनीं ऊस. आमच्या लहानपणीं या थडीला उन्हाळ्यांत वाळू आणि कलिंगडाचे वाफे असत. घोड नदीवर चिंचणीस धरण झालें, पुढें चासकमानचा कालवा आला, खालीं १९८० सालीं उजनीचें पाणी अडून भीमा फुगली. आणि बाजरीच्या या मुलखाचा रंग पालटला. उसाबरोबर गुऱ्हाळें व साखर कारखाने आले, आणि उसांत बिबटेहि आले. सायंकाळनंतर पोरें एकटीं बाहेर पडत नाहींत. विद्यार्थ्याचा थोरला मुलगा रांजणगांवच्या कारखान्यांत नोकरीस आहे. धाकटा शेती पाहतो.

आबा ओसरीवर उन्हांत बसले होते. आम्हीं पांचहि कागद त्यांच्यासमोर मांडले व, त्यांना ऐकूं जावें म्हणून मोठ्यानें, एकेक वाचून दाखविला. चौथ्याशीं आमचा आवाज खालीं गेला असावा, कारण त्यांनीं कानाशीं हात नेला.

“परत वाचा, मास्तर.”

आम्हीं पुन्हां वाचलें. मिति, रक्कम, नक्कल, निशाणी नांगर, लिहिणारा कोण, सगळें. विद्यार्थी मान खालीं घालून बसला होता. आबा कांहीं वेळ नांगराच्या त्या चित्रावरून बोट फिरवीत राहिले.

“जाळला न्हवता, ह्ये आमास्नी ठावं हाय,” ते म्हणाले. “माझी आजी सांगायची. दुसऱ्यांचं जाळलं, त्येंच्यासंगं ह्येचंबी जाळाया गेला हुता. पर सावकारानं आधींच लपवून ठिवलं हुतं म्हनं. आन् जाळलं असतं तरी काय? मिरीग तोंडावर आलेला. बी कुनाच्या घरनं आनायचं हुतं?”

“मग आबा, होळीला तुम्ही सांगतां तें?”

“पोरांस्नी जाळलाय म्हूनच सांगायचं असतंय,” आबा म्हणाले. “न्हाईतर तीं शेतांत राहत्याल व्हय?”

यावर काय बोलावें, तें आम्हांस सुचेना. मग मनांत धरून गेलेलें वाक्य आम्हीं बोलून टाकलें. आमच्या खापरपणजोबांनीं जें केलें तें कायद्यास धरून होतें. पण सोळा एकरांबद्दल आमच्या घरांत जें बोललें जाई, तें बोलण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, असें आम्ही म्हणालों. आबांनीं तें ऐकलें कीं नाहीं, कळलें नाहीं. त्यांनीं विचारलें तें निराळेंच.

“लिवनावळ किती म्हनलासा?”

“आठ आणे.”

“लई घेतली!” ते म्हणाले, आणि हंसतां हंसतां त्यांस खोकला आला.

नंतर सबंध दुपार वंशावळीचें काम चाललें. आम्हीं आबांस सांगितलें कीं, या पुस्तकांत बायकांचींहि नांवें घालूं. त्यांना ती कल्पना प्रथम विचित्र वाटली, मग आवडली. आई, आजी, चुलत्या, आत्या, कोणती कोठल्या गांवची, कोणती पाण्याला गेली असतां नदींत वाहून गेली, कोणत्या आजीनें दौंड-मनमाड लोहमार्गाच्या कामावर दुष्काळांत मातीच्या पाट्या वाहिल्या (तो मार्ग १८७८ सालीं सुरू झाला), हें सर्व ते सांगत गेले व आम्ही लिहीत गेलों. आंतून सुनाहि एकेक नांव सुचवूं लागल्या. पाटी वाहणारी ती आजी कोण, हें मात्र जुळेना. हिशेब केला तेव्हां कळलें कीं, ती त्या नांगरनिशाणीवाल्याची बायको असली पाहिजे. जिची सरी आणि गोठ चौथ्या रोख्यांत गहाण आहेत तीच. आबांच्या आजीची ती सासू. आणि सासूचें नांव घेऊं नये म्हणून आजीनें तें जन्मांत कधीं उच्चारलें नाहीं. ती ‘आत्याबाई’ एवढेंच म्हणे. कोतवालबुकांत ‘अमुक याची बायको, ताप’. रोख्यांत सरीचें वजन आहे, गोठांचें वजन आहे.

त्या जागीं आम्हीं कागदावर कोरी ओळ सोडली आहे. तिचें माहेर पलीकडच्या तीरावर, दौंड तालुक्यांत, पाटसकडे कोठें तरी होतें, असें आबा म्हणतात. तेथलें कोतवालबुक पाहण्यास मिळावें म्हणून विद्यार्थ्यानें अर्ज केला आहे, आणि तिच्या माहेरच्या घराण्यांतील कोणी त्र्यंबकेश्वरीं गेलें असेल तर तेथील नामावळीहि पाहावयाची आहे. चौथा कागद आबांनीं वंशावळींत घालावयास सांगितला. होळीची कथाहि त्याच पानावर, त्याच्या वर.

निघतांना विद्यार्थ्याच्या धाकट्या मुलानें गाडींत एक गुळाची ढेप आणून ठेवली. आम्ही नको म्हणालों, तेव्हां ओसरीवरून आबा ओरडले, “ऱ्हाऊं द्या मास्तर, लिवनावळ हाय!”